२६/११ : टीव्हीसमोरून उठवत का नव्हतं? (अनुभव धागा)

रेवती
परवा मुलगा फोनवर अहमदाबादच्या विमानाचा तो व्हिडिओ बघत होता. १२ जून २०२५ चा. विमान इमारतींच्या मागे खाली खाली जातं आणि आगीचा लोळ उठतो. संपला की पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, कशाला बघतोस रे? तर म्हणाला, "माहीत नाही आई, थांबवतच नाही."

मला एकदम आमचं डोंबिवलीचं जुनं घर आठवलं. २६ नोव्हेंबर २००८, बुधवार. कटकला इंग्लंडशी मॅच जिंकलो होतो, जेवताना त्याच गप्पा. मग खाली पट्टी आली, गोळीबार. आधी वाटलं टोळीयुद्ध. मग सीएसटी, मग कामा हॉस्पिटल. एटीएसचे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख करकरेसाहेब हेल्मेट चढवताना दिसले. नंतर तेच दृश्य पुन्हा दाखवत होते आणि खाली बातमी होती की ते गेले. वर माणूस हेल्मेट घालतोय आणि खाली तो गेलाय. सासूबाई हातात जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण डोळे पडद्यावर.

शनिवारी सकाळी ताज मोकळं झालं तोवर आमचा टीव्ही बंद झाला नाही. आमचं कुणीही तिथे नव्हतं. मजा वाटत होती असं तर मुळीच नाही, पोटात गोळा होता. तरी उठवत नव्हतं. का? तुमच्याकडे काय झालं, लिहा. त्याच रात्रीचं हवं असं नाही.

निशिगंध
ह्यांची ड्यूटी होती त्या रात्री. खाकी. फोन लागत नव्हता. पडद्यावर जी जी पाठमोरी वर्दी दिसायची तिच्याकडे बघत होते. चाल ओळखू येते ना आपल्या माणसाची. जाऊबाई म्हणाल्या, बंद कर, त्रास होतोय तुला. मी अंगावर धावून गेले त्यांच्या. असं वाटत होतं की मी नजर काढली तर तिकडे काहीतरी होईल. माझ्या बघण्यावर ते उभे आहेत. आले, आंघोळ केली, टीव्ही बंद करून झोपले. एक शब्द बोलले नाहीत. आजही नोव्हेंबरात टीव्हीवर ते सुरू झालं की उठून गॅलरीत जातात. कुकर लावलाय, नंतर येते.

रेवती
निशिगंध, अंगावर काटा आला. तुम्हाला आणि त्यांना नमस्कार.

गिरणगावकर
रेवतीताई, मला २००६ आठवलं. हरियाणात बोअरच्या खड्ड्यात छोटा मुलगा पडलेला, आत कॅमेरा सोडला होता. आमच्या चाळीत एका खोलीत सगळे जमा. कुणी चहा आणतंय कुणी वडे. तो वर आला तेव्हा बायका रडल्या आणि खालच्या दुकानातून पेढे आणले. ओळख ना पाळख. आम्ही अपघात बघायला नव्हतो बसलो हो, सुटका बघायला बसलो होतो. शेवट माहीत नसला की उठवत नाही

सातारकर
तुकाराम ओंबळे आमच्या जिल्ह्याचे, केडंबे गाव. गिरगाव चौपाटीला त्यांनी बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या म्हणून कसाब जिवंत सापडला. ते चित्र कुणाकडंच नाही. आणि पाठीला पिशवी लावलेल्या कसाबचा फोटो लहान पोरंबी ओळखतात. कॅमेरा ज्याच्यावर त्यालाच आपण बघत बसतो. राग येतो याचा.

माळवद
मी दुसऱ्या बाजूचं सांगतो. ज्यांच्याकडं बघायला लोक येतात त्यांचं.

किल्लारीजवळ आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव झोपलेलं. पहाटे चार वाजायच्या जरा आधी. आमच्याकडं दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरवर्षी वर मातीचा थर द्यायचे, जितकं जाड तितकं चांगलं. तेच अंगावर आलं. मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो.

पुढं जीपा, ट्रॅक्टर भरून माणसं यायला लागली. मदतीला आलेले वेगळे, ते उतरले की घमेलं हातात घ्यायचे. हे नुसते बघायला. वर्तमानपत्रात फोटो आलेले, ते प्रत्यक्ष बघायचे. रस्ता तुंबायचा, मदतीच्या गाड्या मागं अडकायच्या, वरनं पाऊस. एकानं आमच्या आजीला विचारलं, "तुमचे किती गेले?" आजीनं सांगितलं. तो "अरेरे" म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण एक जण गळ्यात कॅमेरा घालून आलेला, पोरगाच होता. आजी त्याला म्हणाली, "बाबा, ते तेवढं लाकूड धर." त्यानं कॅमेरा बाजूला ठेवला आणि अंधार पडेपर्यंत आमच्याबरोबर दगड काढले. जाताना फोटो न काढताच गेला.

तेव्हापासून मला वाटतं, बघायला येणारा वाईटच असतो असं नाही. त्याला आत काहीतरी होत असतं म्हणून तो येतो, आणि त्याला काम सांगणारं कुणी नसतं. तुम्ही डोंबिवलीत टीव्हीसमोर बसला होता, तुम्हाला कोण म्हणणार की हे लाकूड धर?

निशिगंध
माळवद, तुमच्या आजी आहेत का अजून?

माळवद
नाहीत. नव्या गावठाणात पत्र्याच्या खोलीत गेल्या. पक्क्या घरात झोपायच्याच नाहीत.

अपर्णा_एडिसन
इथे अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला मुलगी चार वर्षांची होती. सकाळी नऊनंतर दुसरं विमान धडकलं ते मी टीव्हीवर बघितलं, नवरा मॅनहॅटनमध्ये कामाला. दिवसभर तेच लावलेलं. संध्याकाळी ती विचारते, "आई, अजून किती विमानं येणार?" पुन्हा पुन्हा दाखवत होते ना, तिला प्रत्येक वेळी नवीन विमान वाटत होतं. त्या क्षणी बंद केला. नवरा रात्री चालत, फेरीने, कसाबसा आला. घाईत लिहितेय, मीटिंग आहे.

समुपदेशक
अपर्णा म्हणतात त्याला आधार आहे. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाजवळ असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. धोका दिसला की मेंदू तिथून लक्ष काढू देत नाही, ती जगण्याची सोय आहे. रानात ती कामी येते, कारण तिथे पळता येतं नाहीतर लढता येतं. सोफ्यावर दोन्ही नाही. शरीर तयार होऊन बसतं आणि तसंच राहतं. रेवती, मुलाला रागावू नका. शेजारी बसा, त्याला काय वाटतं ते विचारा.

अभय
नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टरमधून कमांडो दोरीने उतरले ते आमच्या ऑफिसात सगळ्यांनी उभं राहून बघितलं. तेच तिकडे पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही बघत होते आणि फोनवर आतल्यांना सांगत होते. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांना त्यावरून कडक शब्दांत सुनावलं. २०१५ ला नियमच झाला, अशी कारवाई चालू असताना थेट दाखवायची नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच. चांगला नियम आहे. पण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे त्याचं काय?

माळवद
अभय, सीएसटीचे उद्घोषक झेंडे. केबिनच्या काचेतून त्यांना सगळं दिसत होतं. ते बघत बसले नाहीत. माइकवरून लोकांना सांगत राहिले, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. किती जीव वाचले. हातात माइक होता, म्हणून बघण्याचं काम झालं. मी म्हणतोय ते हेच.

काजूगर
जरा वेगळं. आमच्या सिंधुदुर्गात दशावतारात नरसिंह हिरण्यकश्यपूला मांडीवर घेतो तेव्हा पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड घालतात आणि पदराच्या फटीतून बघतातच. भीती पण हवी आणि फट पण हवी. पण तिथे शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, आणि पहाटे तोच हिरण्यकश्यपू हॉटेलात चहा पिताना दिसतो. फोनवरच्या मेलेल्या माणसाचं तसं नाही ना. तो कुणाचा तरी असतो.

गिरणगावकर
काजूगर दशावतार बघायला कधी यायचं? आई वेंगुर्ल्याची माझी, पण मी एकदाही नाही बघितला

काजूगर
कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात. डिसेंबरात या, स्वेटर आणा. आईलाही आणा.

सुलभा
सगळं वाचलं, डोळे भरून आले. एक विचारायचं होतं. वडील ८१ चे आहेत, त्यांच्या ग्रुपवर रोज अपघाताचे व्हिडिओ येतात आणि आपोआप उतरतात. रात्री दचकून उठतात. ग्रुप सोडायचा नाही म्हणतात, शाळेतले मित्र आहेत.

अभय
ग्रुप नका सोडायला लावू. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथे मीडिया ऑटो-डाउनलोड आहे. मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग तिन्हींत व्हिडिओची खूण काढा.

सुलभा
केलं! पण आता भजनंही आपोआप येत नाहीत म्हणून चिडलेत.

अभय
त्यांना सांगा, बाणावर बोट ठेवलं की ते भजन उतरतं. एकदा शेजारी बसून करून दाखवा, जमेल त्यांना.