प्रसारमाध्यम, जनसंचार, जनसंवाद: नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न – यवतमाळ जिल्हा

दहावीला इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा धडा आहे. आमच्या गावच्या शाळेत तो शिकवताना पहिल्याच शब्दाला थांबले. माध्यम म्हणजे काय, तर वर्गाचं एकच उत्तर: "मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम." गावात हा शब्द शाळेपुरताच वापरतात, मुलांची चूक नाही. मग फळ्यावर 'जनसंचार' लिहिलं. एक मुलगी म्हणाली, "संचार तं माह्या आजीच्या अंगात येते, मॅडम."

खरंच आहे. मराठीत संचार म्हणजे हिंडणं-फिरणं, नाहीतर अंगात येणं. संचारबंदीही त्यातूनच आली. मग हजारो लोकांपर्यंत एकदम गोष्ट पोचवणं, याला आपला शब्द कोणता?

उत्तर – वर्धा

पाट्या वाचल्या तरी हा घोळ दिसतो. आमच्या वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात विभागाचं नाव 'जनसंचार', नागपूर विद्यापीठात 'जनसंवाद', पुण्यात 'संज्ञापन'. संज्ञापन म्हणजे नीट जाणवून देणं. शब्द अचूक आहे, पण बोलण्यात रुळला नाही.

रेडिओसाठीच्या 'नभोवाणी' या शब्दाचंही तसंच झालं. 'आकाशवाणी' हे नाव 1935 मध्ये म्हैसूरच्या खाजगी केंद्राचं होतं, पुढे ते देशभराचं झालं आणि नभोवाणी मागे पडली. नभोनाट्य मात्र टिकलं. नागपूर केंद्र 1948 पासूनचं, पण घरी सगळे म्हणतात, "रेडिओ लाव."

उत्तर – अमरावती जिल्हा

मला वाटतं, आपण दवंडीपासून सुरुवात करावी. निरोप एकाला असतो, खबर कानोकानी जाते, दवंडी मात्र सगळ्या गावाला असते. कोण ऐकतंय हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. प्रसारमाध्यमाचं मूळ लक्षण हेच आहे.

लहानपणी पाहिलेलं सांगतो. कोतवाल डफडं वाजवत पाराजवळ थांबायचा: "ऐका हो ऐका, उद्या सकाळी रेशनचं धान्य..." तेवढ्यात ओट्यावरून एखादी म्हातारी ओरडायची, "केशरी कार्डवाल्याईले भेटन का?" माहीत असलं तर कोतवाल तिथंच सांगायचा. नसलं तर तलाठ्याला विचारून संध्याकाळी पुन्हा त्याच ओट्यापाशी यायचा. दवंडी प्रसारच होती, पण तिला अडवता येत होतं. टीव्हीवरच्या माणसाला कोण अडवणार?

आमच्या जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. हजारोंचा जमाव आणि तरी संवाद, हे त्यांना साधलं होतं.

म्हणून वस्तूला 'प्रसारमाध्यम' हाच शब्द ठेवावा. टीव्ही, पेपर पसरवण्याचं काम करतात, त्याला 'जनसंवाद' म्हणणं म्हणजे जे होत नाही ते झालं म्हणणं. समोरच्याला बोलता येईल तिथंच संवाद म्हणावं. याबाबत मी आग्रही आहे.

माध्यमांनी काय करावं, हे जुन्या पत्रांच्या नावांतच आहे. जांभेकरांनी 1832 मध्ये काढलं ते 'दर्पण', म्हणजे आरसा. बापूजी अण्यांनी 1918 मध्ये यवतमाळहून काढलं ते 'लोकमत'. बाबासाहेबांनी 1920 मध्ये काढला तो 'मूकनायक', ज्यांना बोलू दिलं जात नव्हतं त्यांचा. दाखवणं, मत घडवणं, आवाज देणं: मुलांना ही तीन नावं समजावून द्या, धड्यातलं पुष्कळ त्यातच येतं.

पुन्हा यवतमाळ जिल्हा

दवंडीचा किस्सा आज वर्गात सांगितला. फळ्यावर 'प्रसार' आणि 'संवाद' असे दोन रकाने केले आणि मुलांना गावातल्या गोष्टी भरायला सांगितल्या. पेपर, टीव्ही, प्रचाराची गाडी पटापट पहिल्या रकान्यात गेली, ग्रामसभा दुसऱ्यात. व्हॉट्सॲपवर मात्र भांडण झालं. शेवटी त्याच मुलीने उठून खडू घेतला. ग्रामपंचायतीचा ग्रुप तिने पहिल्या रकान्यात लिहिला, कारण "तिथं फक्त ॲडमिनलेच लिहिता येते." आईच्या बचत गटाचा ग्रुप दुसऱ्यात. कीर्तन तिने रेघेवर लिहिलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.