सूरजकुंडाबद्दल थोडं

गावच्या पवित्र विहिरीत अंघोळ केल्यावर कोड गेल्याची एक आख्यायिका वाचली आणि आमचं सूरजकुंड आठवलं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, गुरुद्वाऱ्याला लागूनच आहे. सूरजसेन नावाचा सरदार महारोगी होता, शिकारीत तहानलेला ग्वालिपा ऋषींकडे आला. ऋषींनी कुंडाचं पाणी दिलं आणि तो बरा झाला. त्यांनीच त्याला सुहनपाल हे नाव दिलं. वंशात 'पाल' राहील तोवर राज्य राहील असं म्हणाले. पुढे तेजकरण नावाचा राजा झाला, नावात पाल नव्हतं, आणि गादी गेली. ग्वाल्हेरचं नावही त्या ऋषींचंच, असं इथला प्रत्येक म्हातारा सांगतो.

मला मात्र 'सूरज' हे नाव कथेहून जुनं वाटतं. हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षाचा, म्हणजे सहाव्या शतकातला, एक शिलालेख याच किल्ल्यावर सापडला. मातृचेट नावाच्या माणसाने गोप पर्वतावर, म्हणजे या किल्ल्याच्याच डोंगरावर, सूर्याचं देऊळ बांधल्याचं त्यात लिहिलंय. देऊळ गेलं, सूर्य नावात उरला असावा.

आजी शहरातल्या लष्कर भागातून किल्ला चढून यायची. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची, मग माझ्या. बाळंतपणानंतर आईला विहीर पूजायला नेलं तेव्हाही आजीने या कुंडाचं पाणी जपून ठेवलेल्या तांब्यातून गल्लीतल्या विहिरीत सोडलं होतं. त्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. तरी आमच्या घरच्या सुना हळदकुंकू तिथेच, जाळीवर वाहतात.