मदत हवी आहे: बारावी कायनेटिक्स, मुली सगळीकडे त्रैराशिकच मांडतात

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. बीएस्सी केमिस्ट्री करून शेतीला लागलो, त्याला बरीच वर्षं झाली. यंदा भाची बारावी सायन्सला आहे. ती आणि गल्लीतल्या दोघी अशा तिघींची फिजिकल केमिस्ट्रीची गणितं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून घेतो. थर्मोडायनॅमिक्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री पार पडली. कायनेटिक्सला, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाच्या धड्याला, गाडा रुतलाय.

गणित साधंच होतं. फर्स्ट ऑर्डर (वेग शिल्लक मालाच्या प्रमाणात असणारी) अभिक्रिया ५० मिनिटांत ४० टक्के पूर्ण होते, तर ८० टक्क्यांना किती वेळ लागेल? भाची लगेच म्हणाली, "मामा, चाळीसले पन्नास मिनिटं लागनात, मंग ऐंशीले शंभर लागतीन ना?" बाकी दोघींचंही तेच. सूत्र तिघींना पाठ आहे. त्यात आकडे घातले की १५७.६ मिनिटं येतात, हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं, पण पटलं नाही. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून दिले तर परत त्रैराशिक.

मग कापूस वेचणीचं उदाहरण दिलं. तिघी वेचणीला जाऊन आलेल्या आहेत. वावरात बोंडं कमी होत जातात तसा तासाला ओटीत पडणारा कापूसही कमी होतो. फरदडीला तर दिवसभर फिरा, ओटी भरत नाही. म्हणजे वेग शिल्लक मालावर ठरतो. हे त्यांना लगेच कळलं. पण मला धास्ती अशी की उदाहरण पुढे कुठे चुकत असेल तर तीच समजूत डोक्यात पक्की बसेल. जाणकारांनी सांगावं.

दुसरी अडचण लॉग टेबलची. पेपरात कॅल्क्युलेटर नाही. एकीने ६० वर आणि १०० खाली घेतले. ०.६ चा लॉग टेबलातून बार १.७७८२ (१ वर आडवी रेघ) आला, तो तिने वजा १.७७८२ असा लिहिला, पुढे वजा चिन्ह सोडून दिलं, आणि के, म्हणजे वेग स्थिरांक, खऱ्या किमतीच्या आठपट आला. बार नेमका समजवायचा कसा? मी स्वतः तो पाठ केला होता, कारण सांगता येत नाही.

प्रतिसाद

भाऊ, उदाहरण चांगलं आहे, फक्त पहिला वेचा त्यातून वगळा. तेव्हा बोंडं इतकी असतात की वेग मजुरांच्या हातांवर ठरतो, मालावर नाही. ती झीरो ऑर्डर, वेग मालावर अवलंबूनच नाही! तापलेल्या प्लॅटिनमवर जास्त दाबाला अमोनियाचं विघटन तसंच चालतं: पृष्ठभाग भरलेला असतो, वाढीव अमोनियाला जागाच नसते. त्यामुळे एकाच वावरात दोन्ही ऑर्डर दाखवता येतील. नवी बोंडं रोज फुटतात, म्हणून एकाच दिवसाची वेचणी धरा.

सूत्राआधी शिडी मांडायला लावा. दर ५० मिनिटांनी शिल्लक मालाचा ६० टक्के उरतो. १००, ६०, ३६, २१.६. म्हणजे १५० मिनिटांत ७८.४ टक्के काम झालं, ८० ला थोडाच वेळ अजून. शंभर मिनिटं हे उत्तर इथेच बाद होतं, लॉग न उघडता.

बार फक्त पूर्णांकावर असतो, दशांश भाग नेहमी अधिकच. बार १.७७८२ म्हणजे वजा १ अधिक ०.७७८२, म्हणजेच वजा ०.२२१८. हे रुपयांत सांगा: एक रुपया देणं, जवळपास ७८ पैसे खिशात, तर खरं देणं २२ पैसे. आणि सुरुवातीची संहती वर, उरलेली खाली, ही सवय लावली तर या गणितांत बारशी गाठच पडत नाही. १०० भागिले ६० चा लॉग सरळ ०.२२१८ येतो.

धागाकर्ता

आज करून पाहिलं. त्याच अभिक्रियेला ९० टक्के विचारले. भाचीने शिडी मांडली: २०० मिनिटांना १२.९६ उरतात, २५० ला ७.८, म्हणजे उत्तर यांच्या मधलं. मग टेबल उघडलं. २२५.४ मिनिटं आली. तिसरीला अजून रुपयाचं उदाहरण दोनदा सांगावं लागलं, पण बार तिने स्वतः सोडवला.

फार आभार भाऊ. उद्या अर्हेनियस (तापमानाने वेग कसा बदलतो त्याचं समीकरण) सुरू करतोय, २७ आणि ३७ अंश केल्विनमध्ये न बदलता घालू नका हे आधीच फळ्यावर लिहून ठेवलंय.