मदत हवी आहे: नोकरी बदलली की पेन्शनची वर्षं बुडतात का?
आमचे आप्पा जळगाव एमआयडीसीतल्या एकाच चटई कारखान्यातून निवृत्त झाले. मालकाकडे लग्न असलं की हे पंगतीत वाढायला उभे! धाकटा भाऊ पुण्यात, आता तिसरी कंपनी धरतोय. आप्पा रोज फोनवर, "अशा उड्या मारशील तर ग्रॅच्युइटी गेली, पेन्शनही गेली." ग्रॅच्युइटीला कायम कामगाराला एकाच ठिकाणी 5 वर्षं लागतात, तिथे त्यांचं खरं आहे. (भाऊ म्हणतो, पगारवाढीत ते भरून निघतं.) पण पीएफच्या पेन्शनला लागणारी 10 वर्षं, यूएएन (पीएफचा कायमचा खातेदार क्रमांक) तोच ठेवून खातं वर्ग केलं तर सगळ्या नोकऱ्यांची मिळून धरतात ना? जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, एचआर फोन उचलत नाही. ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः कुणी भरलीय का? स्क्रीनशॉट टाका, कागद बघितल्याशिवाय आप्पांना पटायचं नाही.