अनुभव धागा: जपानमधली खेड्यातली स्टेशनं

टोक्योतल्या शिंजुकू स्टेशनची गर्दी सगळेच बघतात. हा धागा गावाकडच्या स्टेशनांसाठी आहे: छोटासा फलाट, एखादी लाकडी खोली, मास्तर नाही, तिकीट खिडकी बंद. तुम्ही असं कुठे उतरला असाल तर काय पाहिलंत, कोण भेटलं, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

शिकोकू बेटावर मात्सुयामाहून एका डब्याच्या डिझेल गाडीने शिमोनादाला गेले. चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची. चालकाच्या वरच्या फलकावर त्या नंबराखाली भाडं दिसतं, उतरताना तेवढे पैसे त्याच्या शेजारच्या पेटीत टाकायचे. तोच गार्ड, तोच टीसी. स्टेशन १९३५ सालचं. १९८६ मध्ये डोंगरातून जवळचा मार्ग झाला, एक्सप्रेस गाड्या तिकडे वळल्या आणि समुद्राकाठचा हा रूळ लोकलपुरता उरला. फलाटावर छप्पर, त्याखाली बाक, समोर नुसता समुद्र. एक आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला वाटलं, रेल्वेत कामाला असतील. विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं, इथे वरच राहते." आत प्रवाशांसाठी वही ठेवलेली, पेन सुतळीने बांधलेलं. मी चार ओळी मराठीत लिहिल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आजी हात हलवत होत्या.

*

आमचं दोआई, गुन्मा प्रांतातलं. पुण्याहून आई आली होती. नीगाताकडे जाणारी गाडी इथे बोगद्याच्या पोटातच थांबते. तो फलाट १९६७ चा. वर यायला ४६२ पायऱ्या आणि पुढे आणखी २४. लिफ्ट नाही. ऑगस्टच्या उकाड्यात गाडीतून उतरलो तर खाली थेट माघाची थंडी! आई सरळ उभा जिना बघून घाबरेल असं वाटलं होतं, पण रोज पर्वती चढणारी बाई ती. मधल्या बाकावर बसून तिने दशम्या आणि लसणाची चटणी काढली. मागून येणाऱ्या एका जपानी काकांना अर्धी दशमी दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि आईला हात देत वरपर्यंत आणलं. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती.

*

होक्काइदोच्या क्यू-शिराताकीबद्दल लिहितो, कारण तो फॉरवर्ड अजून फिरतोय: एकट्या शाळकरी मुलीसाठी रेल्वेने स्टेशन चालू ठेवलं म्हणे. ती मुलगी खरी, स्टेशन मार्च २०१६ मध्ये बंद झालं हेही खरं. पण बंद झालं ते प्रवासीच उरले नाहीत म्हणून. जपानात रेल्वेचं वेळापत्रक मार्चमध्ये बदलतं, शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं, त्यामुळे स्टेशन बंद होणं आणि तिची शाळा संपणं जुळून आलं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामुळे गाव रिकामं होण्याचं दुःख झाकलं जातं, ते मला सलतं.

*

ईदा लाइनवर कोवादाला उतरलो होतो. तिथपर्यंत मोटाररस्ताच नाही. टोक्योच्या सवयीने गाडी सोडली आणि पुढची काही तासांनी! पावसात त्या लाकडी खोलीत बसून होतो. कोपऱ्यात केरसुणी टेकवलेली, फरशी स्वच्छ. जवळपास एकही राहतं घर दिसलं नाही, म्हणजे कुणीतरी गाडीने येऊन झाडून जात असणार. निघण्याआधी मीही झाडून घेतलं.