मदत हवी आहे: सायकलसाठी जीपीएस डिव्हाइस घ्यावं की फोनवरच भागवावं? (वेरूळ – औंढा – परळी)

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. सायकल हायब्रिड, ३५ मिमीचे टायर. दिवाळी होऊन थंडी पडली की वेरूळच्या घृष्णेश्वरापासून निघून जालना, मंठा, जिंतूर करत औंढा नागनाथ आणि तिथून गंगाखेडमार्गे परळी वैजनाथ असा बेत आहे. तिन्ही ज्योतिर्लिंगं आपल्या मराठवाड्यातच, त्यामुळं घाई नाही, मुक्काम करत जाणार. सोबत मेव्हणे आहेत. त्यांचं धोरण 'तुम्ही व्हा पुढं, मी हाय मागं' असं, म्हणजे रस्ता शोधायचं काम माझ्याचकडं.

हायवेनं गेलं तर कशाचीच गरज नाही, पाट्या वाचत जाता येतं. पण दिवसभर ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या शेजारून सायकल हाणायची हौस नाही. जमेल तिथं आतल्या गावांतून जायचंय आणि घोडं तिथंच अडतंय.

सध्या हँडलला फोन लावून फिरतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही. ब्राइटनेस पूर्ण केला की फोन तापतो, तापला की आपणहून स्क्रीन मंद करतो आणि शेवटी रुसून बसतो. मार्चपासूनच ही गत. बॅटरी दुपार गाठत नाही ते वेगळंच. पण खरं दुखणं रस्त्याचं. मागं सेलूकडून आतून येत होतो. नकाशात छान पांढरी रेघ, वेळ, अंतर, सगळं. कॅनॉल ओलांडला तसं डांबर संपलं, मग खडी संपली, मग दोन्ही बाजूंनी कापूस आणि मधे बैलगाडीची चाकोरी. कापूस वेचणाऱ्या एका मावशींनी लांबूनच विचारलं, "कुठं चाललाव? पुढं वढ्याला पाणी हाय." फोन मात्र ठामपणे सरळ जा म्हणत होता. आदल्या दिवशी पाऊस झालेला, काळी माती. टायर आणि फोर्कच्या मधे एवढा गारा बसला की चाक फिरेना. काडीनं खरवडायचं, दहा पावलं ढकलायची, परत खरवडायचं.

तर वेगळं सायकल कॉम्प्युटर घेतलं तर यातलं नेमकं काय सुटतं? बजेट पंधरा हजार, फारच ताणलं तर वीस. दुकानदार म्हणतो नकाशावालंच घ्या. ग्रुपमधला एक जण म्हणतो नुसती रेघ दाखवणारं पुरतं. नेटवर्क नसेल तिथं हे चालतं का? आणि पांदणीत न घालणारा एखादा नकाशा आहे का? हार्ट रेट, पॉवर वगैरे काही नको. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचलो की झालं.

– परभणीकर

बालाघाटी:

दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालाय, आधी तो सोडवू. जीपीएस फक्त 'मी कुठं आहे' एवढंच सांगतं. उपग्रह सिग्नल पाठवतात, यंत्र ते नुसतं ऐकतं, उलट काही पाठवत नाही. म्हणून सिम, डेटा, नेटवर्क काहीच लागत नाही. मोकळ्या आभाळाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरच्या आत बरोबर असतो, आणि आपल्याकडं दुसरं काही नसलं तरी आभाळ मोकळं आहे. तुम्ही कापसात उभे होता तेव्हा तुम्ही कुठं आहात हे फोनला पक्कं माहीत होतं. पुढं काय आहे हे माहीत नव्हतं. तो दोष नकाशाचा.

आता गंमत बघा. गार्मिन, वाहू, आयजीपीस्पोर्ट यांच्या यंत्रांतला सायकलचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरूनच, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावरूनच बनतो. कोमूट, ऑसमअँड, ऑर्गॅनिक मॅप्स हेही त्याच्यावरच चालतात. म्हणजे महागड्या यंत्रात आणि फुकटच्या ॲपमध्ये सेलू तालुका एकच. खेड्यातले कितीतरी रस्ते कुणीतरी लांब बसून उपग्रहाच्या फोटोवरून रेखाटलेले असतात. रेघ असते, पण डांबर की माती ही नोंदच नसते. नोंद नसली की मार्ग काढणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा रस्ता बरा आहे असं धरून चालतं. तुम्ही पांदणीत गेलात ते असे.

त्यामुळं डिव्हाइस घेतल्यानं ऊन आणि बॅटरी हे दोन त्रास जातील, कारण त्यांचा स्क्रीन उन्हाच्याच उजेडात वाचता येतो आणि स्क्रीनमागचा दिवा जाळावा लागत नाही. तिसरा त्रास घरीच निस्तरावा लागेल. संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर बसून रूट काढा, वर उपग्रहाचा थर लावा. डांबर करडं आणि एकसारख्या रुंदीचं दिसतं. दोन फिकट चाकोऱ्या आणि मधे हिरवा पट्टा दिसला की ती गाडीवाट, ती रेघ टाळायची. प्रत्येक ओढ्याशी थांबून बघायचं: पूल आहे, की रस्ता पात्रात उतरून पलीकडं निघतोय? गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांचे फोटो उघडता येतात. मे महिन्यातला बघा आणि पावसाळ्यानंतरचाही बघा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचंय.

सोयाबीन_एक्सप्रेस:

उगी खर्चात पडू नका. घरातला जुना फोन, ऑफलाइन नकाशा आणि पॉवर बँक. उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. फाट्यावर चहा घेत विचारलं की गूगलच्या बापाला माहीत नाही तो रस्ता कळतो.

बालाघाटी:

विचारा की, पण 'सायकल जाईल का' असं विचारू नका. सगळे 'जाती की' म्हणतात, त्यांच्या डोळ्यासमोर मोटारसायकल असते. 'एसटी जाते का' असं विचारा. होय म्हटलं तर डांबर आहे, निदान होतं तरी.

रात्रीची_सायकल:

मी संभाजीनगरची, ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० ला वीस तास मिळतात, तेवढा वेळ उघड्या स्क्रीनचा फोन हँडलवर टिकत नाही, हे आधी सांगते. आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा असं ॲपलचंच म्हणणं आहे. आपला एप्रिल-मे चाळिशीपार. शिवाय मोटारसायकलच्या हँडलवरच्या हादऱ्यांनी कॅमेरा बिघडू शकतो असा इशाराही त्यांनी २०२१ मध्ये दिला होता. सायकलचे हादरे तेवढे नसतात, तरी आपले खड्डे बघता मी माझा फोन खिशातच ठेवते.

तुमच्या बजेटमध्ये रेघवालं घ्या. आयजीपीस्पोर्ट बीएससी २०० च्या पंगतीतलं कुठलंही चालेल. गार्मिनचं एज १३० प्लस मिळालं तर तेही बरं, पण त्याची बॅटरी कंपनीच्याच हिशेबानं १२ तास. एज ५४० ला २६ तास सांगतात आणि त्यात नकाशाही आहे, पण ते तुमच्या विसात बसायचं नाही. रेघवाल्या यंत्रात पांढऱ्या पडद्यावर फक्त तुमचा रूट आणि तुम्ही दिसता. वाट सुटली की ते ओरडतं. आधी बरा रूट काढून ठेवला असेल तर याहून जास्त काही लागत नाही, आणि रस्ता बंदच निघाला तर खिशातला फोन आहेच, ऑफलाइन नकाशा उतरवून, एअरप्लेन मोडवर. त्या मोडमध्येही जीपीएस चालतं.

फाइलचं एक लक्षात ठेवा. जीपीएक्स ट्रॅक म्हणजे रूटची फाइल, तिच्यात बहुतेकदा नुसते बिंदू असतात, 'इथं डावीकडं' ही माहिती नसते. वळणाच्या सूचना हव्या असतील तर राइड विथ जीपीएससारख्या वेबसाइटवरून टीसीएक्स प्रकारची फाइल उतरवा. नकाशावालं यंत्र कधी घेतलंच तर रीकॅल्क्युलेशन बंद ठेवा, नाहीतर चहासाठी रस्ता सोडला की ते आपल्या अकलेनं नवी वाट काढत बसतं. आणि सकाळी निघायच्या आधी यंत्र अंगणात मोकळ्यावर दोन मिनिटं ठेवा. उपग्रहांच्या जागांची माहिती फार सावकाश उतरते, एका उपग्रहाची यायलाच अर्धा मिनिट लागतं. चालत्या सायकलवर, झाडाखाली सुरू केलं की पहिला किलोमीटर नोंदीत वाकडा येतो.

परभणीकर:

बालाघाटी भाऊ, ताई, मनापासून आभार. 'एसटी जाते का' हे तर लिहूनच घेतलं. दोन दिवसांपासून उपग्रहाचा थर लावून बसलोय, बायको म्हणते जमीन घ्यायचा विचार आहे का. एक नवीन घोळ: गावाचं नाव टाकलं की भलतंच गाव उघडतं. पिंपळगाव किती आहेत!

निवृत्त_तात्या:

नोकरीभर नकाशे हाताळलेत म्हणून लिहितो. नावानं शोधूच नका. एकाच नावाचं खुर्द आणि बुद्रुक नदीच्या दोन काठांना असतं आणि मधे पूल असेलच असं नाही. नकाशावर हातानं पिन टाका आणि तीच जतन करा. नामांतराचंही तसंच, काही ॲपमध्ये औरंगाबाद-उस्मानाबाद आहे, काहींत संभाजीनगर-धाराशिव.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे ओपन सीरिज नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून पीडीएफमध्ये घेता येतात. त्यात पक्का रस्ता, कच्चा रस्ता आणि गाडीवाट यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. नवे रस्ते सगळे सापडणार नाहीत, पण नाला, ओढा, चढ यांना ते पक्के. तुमच्या रूटचे तेवढे कागद चाळा.

औंढ्याहून परळीला जाताना आधी पूर्णा आणि मग गोदावरी ओलांडायची आहे. हे दोन पूल आधी निश्चित करा आणि बाकीचा रूट त्यांच्या भोवती जोडा. गोदावरीला गंगाखेडचा पूल धरा. नकाशात कोल्हापुरी बंधारा कधी कधी रस्त्यासारखा दिसतो, त्याच्या नादी लागू नका. संभाजीनगर ते जालना कारचा मार्ग मागितलात तर ॲप समृद्धीवर घालील. तिथं दुचाकीलाच बंदी, सायकलचं नावच नको. टू-व्हीलर मोड लावला तर तो शॉर्टकटांचा फार शौकीन. गूगलनं तो २०१७ च्या डिसेंबरात सगळ्यात आधी भारतात आणला तोच मुळी कार न जाणाऱ्या वाटा दाखवायला.

रात्रीची_सायकल:

तात्या, अगदी बरोबर. आणि परभणीकर, दिवाळीनंतर म्हणजे गळीत हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, त्या कुठल्याच नकाशात येत नाहीत. अंधार पडायच्या आत सायकल उभी करा, नाहीतर पुढचा दिवा दमदार ठेवा.

बालाघाटी:

अजून एक काम करता आलं तर करा. अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट नावाचं ॲप आहे. जिथं उभे आहात तिथल्या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे असले साधे प्रश्न विचारतं, तुम्ही डांबर, खडी, माती यांतलं निवडायचं. ती नोंद थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जाते. मावशींच्या ओढ्याकडं जाणारी ती रेघ 'माती' करून टाका. नकाशे ताजे झाले की पुढच्याला तरी यंत्र तिकडं ढकलणार नाही.

परभणीकर:

करतो. तर सध्या ठरलं ते असं: रेघवालं यंत्र, खिशात फोन, त्यात ऑसमअँडवर महाराष्ट्राचा नकाशा. उरलेल्या पैशांत टायर, म्हणजे सोयाबीन_एक्सप्रेस यांचंही मन राखलं. वेरूळ ते मंठा रूट जवळपास पक्का झाला. जिंतूर ते औंढा आतून काढलेल्या वाटेत एक टप्पा असा आहे की फोटोत अर्धा करडा दिसतो आणि अर्धा चाकोरीचा. जिंतूरकडचं कुणी आहे का इथं?

येलदरीवाला:

आहे. पिन पाठवा. शनिवारी त्याच अंगाला सोयरिकीत जायचंय, मोटारसायकलवर बघून फोटोसकट लिहितो. तोवर तेवढा टप्पा हायवेनं धरून दुसरी फाइल करून ठेवा, दोन्ही यंत्रात टाका. आणि टायरच्या आत लायनर, म्हणजे काटा आत जाऊ न देणारी पट्टी, घाला, इकडं येड्या बाभळी लय.