इंडियन ओशन या बँडचा कार्यक्रम: दोनच गाणी माहीत असतील तर?

नवखा श्रोता: खुल्या मैदानात कार्यक्रम आहे. आधी काय ऐकू? उभं कुठे राहू? सोबत सहा वर्षांची मुलगी आहे.

मंद्रसप्तक: सगळे अल्बम उपसू नका. १९९७चा 'डेझर्ट रेन' आधी ऐका, तो लाइव्हच रेकॉर्ड झालाय. मग २०००चा 'कंदिसा'. त्यातलं 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत. बास वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, हे माहीत असलं की गाणं वेगळंच भिडतं. मंचावर गाणी लांबतात, शब्दांशिवाय नुसतं वादन बराच वेळ चालतं. खरी मजा त्यातच!

खर्जप्रेमी: मिक्सरच्या टेबलाजवळ, मधोमध उभे राहा. आवाज तिथूनच जुळवतात. अगदी पुढे सबवूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) खर्ज छातीवर आदळतो, शब्द आणि तबला त्यात बुडतात. मोठ्या आवाजापासून कान जपायला फोमचे इअरप्लग (कानात घालायचे बोळे) बारीक वळायचे, कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचे. अर्धवट बसले तर उपयोग शून्य.

मंद्रसप्तक: मुलीला मात्र इअरमफच (हेडफोनसारखे, कान बाहेरून झाकणारे) घ्या, लहान कानात प्लग नीट बसत नाहीत. आणि तिला घेऊन स्पीकरपासून लांबच थांबा.